उलट्या त्रिकोणाची कुळकथा

टोक खाली, पाया वर, रंग लालभडक. शेजारी चार चेहरे: बाप, आई, मुलगा, मुलगी. आज पन्नाशी ओलांडलेल्या मराठी माणसाला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर, एसटी स्टँडवर, तालुक्याला जाणाऱ्या रस्त्याकडेच्या घरांवर ते वर्षानुवर्षं होतं. पावसाने रंग उडाला की कुणीतरी येऊन पुन्हा फासून जाई. हा लाल त्रिकोण आला कुठून, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही.

तो काढला धर्मेंद्रकुमार त्यागी यांनी. ‘दीप त्यागी’ म्हणून ते ओळखले जात. साठच्या दशकात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या कुटुंबनियोजन विभागात प्रचाराचं काम पाहणारे ते सहायक आयुक्त होते. फोर्ड फाउंडेशनचे सल्लागार फ्रँक वाइल्डर त्यांच्या जोडीला होते. आधीच्या सरकारी प्रचारात ‘नियोजित कुटुंब, सुखी कुटुंब’ छापाची वाक्यं असत. आता सहा पोरं असलेला शेतकरीही म्हणू शकतो की, माझं सगळं नियोजनानेच झालंय! या दोघांचं म्हणणं, गोल गोल बोलू नका, आकडा सांगा. म्हणून घोषणा आली, ‘दो या तीन बच्चे, बस.’ १९६१च्या जनगणनेत साक्षरता जेमतेम २८ टक्के होती, तेव्हा वाचता न येणाऱ्यासाठी एक खूण हवी होती. ती कोणत्याही देवाची, जातीची, पक्षाची किंवा भाषेची नसावी आणि गावातल्या रंगाऱ्याला फूटपट्टी नि लाल रंगाचा डबा एवढ्यावर काढता यावी. त्रिकोण या सगळ्यात बसला. एकच खूण, एकच वाक्य, सगळीकडे, न कंटाळता, असं त्यांचं सूत्र होतं. प्रचारासाठी हत्तीसुद्धा गावोगाव फिरवला गेला.

१९६८ साली ‘निरोध’ हा सरकारी कंडोम बाजारात आला, १५ पैशांना तीन. तो खेडोपाडी पोचवायला सरकारने चहा, साबण, सिगारेटी आणि बॅटरीचे सेल विकणाऱ्या कंपन्यांची वितरणाची साखळी वापरली. सरकारी खात्याला इतकी व्यवहारी बुद्धी क्वचित सुचते. त्यागी १९६९ साली अकालीच गेले. त्यांची खूण मात्र पुढे घाना, इजिप्तपर्यंत पोचली.

हा झाला त्रिकोणाचा जन्म. पण त्यामागच्या विचाराचं कूळ जुनं आहे, आणि त्याची एक शाखा आपल्याकडची आहे. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंचं केंद्र निघालं तेही त्याच वर्षी. या उद्योगापायी कर्व्यांना विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. त्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १० नोव्हेंबर १९३८ला मुंबईच्या कायदेमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने संततिनियमनाचा ठराव आला. त्यामागचं भाषण बाबासाहेबांनी तयार केलेलं आणि पी. जे. रोहम यांनी मांडलेलं होतं. ठराव पडला. त्याच सुमारास रँग्लर परांजप्यांच्या कन्या शकुंतलाबाई पुण्यात हेच काम घेऊन उभ्या राहिल्या.

या मंडळींच्या बोलण्यात लोकसंख्या आणि गरिबी हे शब्द होतेच. पण कर्व्यांच्या युक्तिवादाचा गाभा म्हणजे बाईचं शरीर आणि तिची मर्जी. किती मुलं हवीत, हवीत का, हे तिने ठरवायचं. देश, योजना, उत्पन्न हे सगळं नंतर.

स्वतंत्र भारताच्या सरकारने ही उतरंड फिरवली. पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनाला ६५ लाख रुपये ठेवले गेले आणि १९५२ साली असा सरकारी कार्यक्रम सुरू करणारा भारत हा जगातला पहिला देश ठरला. १९५८ साली कोल आणि हूवर या दोन अमेरिकी अभ्यासकांनी भारताचंच उदाहरण घेऊन गणित मांडलं की, जन्मदर उतरला तर दरडोई उत्पन्न वेगाने वाढेल. १९६१च्या जनगणनेने धक्का दिला. दहा वर्षांत ३६ कोटींचे ४४ कोटी झाले होते. पाठोपाठ १९६५ आणि १९६६चे दुष्काळ, अमेरिकी गव्हाची बोटीमागून बोट, आणि तो गहू महिन्यामहिन्याच्या हिशोबाने सोडणारे अध्यक्ष जॉन्सन. याच जॉन्सननी १९६५ साली जाहीर भाषणात सांगितलं होतं की, लोकसंख्या रोखण्यावर घातलेले पाचापेक्षा कमी डॉलर हे आर्थिक वाढीवर घातलेल्या शंभर डॉलरच्या तोडीचे असतात. न जन्मलेल्या मुलाची किंमत काढली गेली ती अशी. त्यागींचा त्रिकोण या हवेत जन्मला. तो पृथ्वीच्या मर्यादेपोटी आला असं आज वाटतं, पण त्याच्या जन्मपत्रिकेत पृथ्वी नव्हतीच. वाढीचा दर होता.

पृथ्वी आली ती १९७२ साली, ‘क्लब ऑफ रोम’ने करवून घेतलेल्या ‘द लिमिट्स टू ग्रोथ’ या अहवालात. डोनेला आणि डेनिस मेडोज आणि त्यांच्या एमआयटीतल्या सहकाऱ्यांनी संगणकावर पाच गोष्टींचा परस्परसंबंध मांडला: लोकसंख्या, अन्न, कारखान्यांचं उत्पादन, प्रदूषण आणि पुन्हा न भरून येणारी साधनसंपत्ती. वाढ अशीच चालू राहिली तर शंभर वर्षांच्या आत ती मर्यादांवर आदळेल, असा निष्कर्ष होता. अर्थतज्ज्ञ त्यावर तुटून पडले, तो वेगळा विषय. मला यात एवढंच दिसतं की, पाच गोष्टींपैकी एकीसाठीच भिंती रंगल्या. कारखान्यांचं उत्पादन आवरा असं सांगणारा त्रिकोण कोणत्याही सरकारने काढला नाही.

आणि त्या एकीचं पुढे काय झालं, ते आठवणारी माणसं अजून आहेत. १९७१च्या जुलैत केरळात एर्नाकुलमच्या एका शिबिरात महिनाभरात ६३,४१८ नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. मुंबईत तर रेल्वे स्थानकांवर नसबंदीची सोय होती. तोवर आमिष होतं, आणीबाणीत सक्ती आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांवर नसबंद्या झाल्या, त्यांत सुमारे ६२ लाख पुरुष होते. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, प्रत्येकाला ‘केसेस’चा कोटा. माणसाची ‘केस’ झाली की काय होतं याचा हिशोब आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाने पुढे मांडला, त्यात नसबंदीशी जोडलेले १,७७४ मृत्यू आहेत. महाराष्ट्राने तर तीन मुलं झाल्यावर नसबंदी सक्तीची करणारं विधेयकच १९७६ साली विधिमंडळात मंजूर केलं. कर्व्यांच्या राज्यात! राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून वाचलो.

१९७७च्या निवडणुकीनंतर खात्याचं नाव ‘कुटुंबकल्याण’ झालं. पुरुष या कार्यक्रमातून जे पळाले ते परत आलेच नाहीत. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री-नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के आहे आणि पुरुषांचं ०.३. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, टाक्याचीही गरज नसलेली, तरी ‘ऑपरेशन’ करून घ्यायचं ते बाईनेच. आणीबाणीचं बिल असं तिच्या नावावर फाटलं.

मग त्रिकोणाने काहीच केलं नाही का? केलं. किती मुलं, हा विषय चावडीवर उघड बोलण्याजोगा त्याने केला, आणि हे लहान काम नव्हे. पण जन्मदर उतरवला तो बव्हंशी दुसऱ्याच गोष्टींनी. मुली शाळेत गेल्या, झालेली मुलं जगू लागली. केरळने कोणतीही सक्ती न करता हे सगळ्यांच्या आधी दाखवलं. साठच्या दशकात भारतात बाईमागे सरासरी सहाच्या आसपास मुलं होती. २०१९-२१च्या पाहणीत हा आकडा २.० आहे, महाराष्ट्रात १.७. लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतात. एकूण आकडा अजून वाढतोय, कारण तरुण पिढी मोठी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने या शतकाच्या साठच्या दशकात तो १७० कोटींच्या घरात पोचेल आणि मग उतरू लागेल.

म्हणजे त्यागींनी सांगितलेली ‘बस’ बायकांनी कधीच ऐकली, त्यांच्या आकड्याच्याही खाली गेल्या. हवेतला कार्बन त्या मानाने काही थांबला नाही. आजही वर्षाला सरासरी अमेरिकी माणूस सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि भारतीय माणूस सुमारे २ टन. या दोन टनांतही एकट्या माणसाच्या तीन गाड्या आणि एका खोलीत राहणाऱ्या सहा जणांचा एक पंखा असे दोन्ही मिसळलेले आहेत. पृथ्वीवरच्या भाराचा हिशोब डोकी मोजून लागत नाही, आणि तरी आपण पन्नास वर्षं डोकीच मोजत बसलो.

आता वारं उलटं फिरलंय. आंध्र प्रदेशाने २०२४ साली स्थानिक निवडणुकांसाठीची दोन अपत्यांची अट काढून टाकली आणि तिथले मुख्यमंत्री जास्त मुलं होऊ द्या म्हणतात. कारण पुन्हा तेच, कामाला हात कमी पडतील, वाढ मंदावेल. वाढीसाठी कमी मुलं, वाढीसाठी जास्त मुलं.

महाराष्ट्रात जुना नियम कायम आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेल्याला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. राज्य सरकारच्या नोकरीसाठी २००५च्या नियमांप्रमाणे ‘लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापन’ द्यावं लागतं. २८ मार्च २००६ नंतर तिसरं मूल झालं असेल तर उमेदवार अपात्र. त्या नमुन्यात हयात अपत्यांची संख्या लिहायला जागा आहे. दारात गाड्या किती, घरात एसी किती, हे त्यात विचारलेलं नाही.