महानगरपालिकेचा अर्थसंकल्प : शुल्क, वेतन व कपात

महाराष्ट्रातील महानगरपालिका 1 एप्रिल ते 31 मार्च या वर्षासाठी जमाखर्चाचा अंदाज मंजूर करते. त्यात सेवाशुल्काचे दर, कर्मचाऱ्यांचे वेतन आणि खर्चाला लावायची कात्री यांची सांगड घालावी लागते. मुंबईचा कारभार 1888 च्या अधिनियमाने चालतो, इतर महापालिकांचा 1949 च्या. तुटीचे अंदाजपत्रक मंजूर करण्याची मुभा पालिकेला नाही. वर्षअखेर काही शिल्लक दाखवावीच लागते. त्यामुळे एका रकान्यात वाढलेला रुपया दुसऱ्या कुठल्या तरी रकान्यातून काढावा लागतो.

आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीला सादर करतात आणि समितीच्या दुरुस्त्यांसह ते सर्वसाधारण सभेपुढे जाते. 1949 च्या अधिनियमानुसार करांचे दर 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात, तर अंदाजपत्रकाची अंतिम मंजुरी मार्चअखेरपर्यंत होते. म्हणजे खर्चावर शेवटचा हात फिरण्याआधीच करांच्या दरांचा निर्णय झालेला असतो. त्यानंतर वाढलेल्या मागण्यांसाठी जमेचे आकडे फुगवणे किंवा दुसऱ्या कामाचे पैसे काढणे, एवढेच मार्ग उरतात. 2022 ते 2025 या काळात बहुतेक महापालिकांवर प्रशासक होते, तेव्हा आयुक्तच अंदाजपत्रक मांडत आणि मंजूरही करत. नागरिकाला जाब विचारायला नगरसेवक नव्हता, ही त्या काळातली मोठी उणीव होय.

जमेची बाजू पालिकेच्या हातून बरीच निसटली आहे. मुंबईला वर्षाकाठी सुमारे 7,000 कोटी रुपये देणारी जकात जुलै 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर बंद झाली. इतर शहरांतील जकातीची जागा घेणारा स्थानिक संस्था कर बहुतांश व्यापाऱ्यांसाठी ऑगस्ट 2015 मध्येच गेला होता. त्याबदली राज्य सरकार नुकसानभरपाई देते. ती 2016-17 या आधारवर्षावरून दरवर्षी 8 टक्क्यांनी वाढते. पालिकेच्या स्वतःच्या हाती मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी आणि विकासशुल्क उरले. तिथेही हात आखडलेला असतो. मुंबईत जानेवारी 2022 पासून 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. नाशिकमध्ये 2018 साली आयुक्तांनी करयोग्य मूल्य वाढवले, तेव्हा प्रकरण त्यांच्यावरील अविश्वास ठरावापर्यंत गेले.

वेतनाचा निर्णय पालिकेच्या सभागृहात फारसा होत नाही. राज्याने वेतन आयोग लागू केला की पालिकांनाही त्याच वाटेने जावे लागते; सातव्या आयोगासाठी 2019 मध्ये परवानगी मिळाली, पण भार ज्याचा त्याने सोसायचा होता. आस्थापना खर्च 35 टक्क्यांच्या वर गेला की नोकरभरती अडते. सफाई कामगार निवृत्त होतो, त्याची जागा रिकामी राहते, आणि तेच काम ठेकेदाराच्या माणसाकडून कमी पैशांत करून घेतले जाते. हा खर्च आस्थापनेऐवजी ठेक्याच्या शीर्षकाखाली दिसतो. म्हणून कागदावर आस्थापना खर्च घटला, तरी झाडू मारणाऱ्या हातांची गरज तेवढीच असते. मुंबईच्या सुमारे 2,700 कंत्राटी सफाई कामगारांना कायम होण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. निकाल 2017 मध्ये त्यांच्या बाजूने लागला.

कपात सहसा उघडपणे जाहीर होत नाही. ती ‘वर्गीकरणा’तून होते : एका कामासाठी धरलेला निधी वर्ष सरता सरता दुसऱ्या कामाकडे वळवला जातो. यात सर्वांत आधी देखभालीचे पैसे जातात. न बदललेली जलवाहिनी फुटेपर्यंत तिच्याबद्दल कोणी सभेत उभे राहत नाही.

तिन्ही प्रश्न एकाच ठिकाणी पाहायचे तर मुंबईची ‘बेस्ट’ पाहावी. ऑगस्ट 1947 पासून पालिकेच्या मालकीच्या या उपक्रमाच्या बससेवेची तूट अनेक वर्षे वीजविक्रीच्या उत्पन्नातून भरून निघे. तो आधार आटल्यावर कामगार जानेवारी 2019 मध्ये 9 दिवस संपावर गेले. ‘बेस्ट’चे ‘क’ अंदाजपत्रक पालिकेच्या ‘अ’ अंदाजपत्रकात विलीन करा आणि 2007 नंतर लागलेल्या कनिष्ठ कामगारांची वेतनश्रेणी सुधारा, या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. त्याच वर्षी जुलैमध्ये पालिकेच्या अनुदानाच्या बळावर किमान भाडे 8 रुपयांवरून 5 रुपयांवर आले. सोबत भाडेतत्त्वावरच्या बसगाड्या वाढत गेल्या आणि स्वतःच्या गाड्या घटत गेल्या. ऑगस्ट 2023 मध्ये कंत्राटदारांच्या चालकांनी पगारासाठी काम बंद केले. मे 2025 मध्ये किमान भाडे 10 रुपये झाले. 2019 साली भाडे उतरले तेव्हा प्रवाशाच्या खिशात राहिलेल्या पैशांचा काही वाटा या चालकांच्या पगारातून आला होता, असे म्हणावे लागते.