लिंबूटिंबूला कळू न देता

जपानमधल्या गेम सेंटरांत १९९६ साली रायझिंग कंपनीचा ‘बॅटल गरेगा’ हा विमानयुद्धाचा खेळ आला. त्यात मुरलेले खेळाडू एक चमत्कारिक गोष्ट करत. डाव रंगात आलेला असताना स्वतःचंच विमान मुद्दाम शत्रूच्या गोळीपुढे नेत आणि पाडून घेत. यंत्र पडद्याआड एक आकडा मोजत असे. खेळाडू जितक्या गोळ्या झाडेल, जितकी शस्त्रं गोळा करेल, तितका तो आकडा चढे आणि शत्रू अधिक चिवट होत. विमान पडलं की आकडा उतरे. म्हणून एखादा जीव खर्ची घालायचा आणि पुढची वाट सोपी करून घ्यायची, असा हिशेब खेळाडूंनी बसवला होता.

समोरच्याचं कसब पाहून खेळाने स्वतःला बदलायचं, ही कल्पना तोवर चांगलीच रुळली होती. तिची एक झलक १९७८ मध्ये दिसली, तीही योगायोगाने. तोमोहिरो निशिकादो यांनी ताइतो कंपनीसाठी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ बनवला, तेव्हा पडद्यावर ५५ परग्रहवासी हलवताना इंटेल ८०८० प्रोसेसरची दमछाक होत असे. एकेक जण मरू लागला की यंत्राचं ओझं हलकं होई आणि उरलेले भराभर सरकू लागत. निशिकादो यांनी ही त्रुटी दूर केली नाही. खेळात तशीच राहू दिली. नेम जितका चांगला, तितकी धांदल लवकर.

पण हे यंत्र फास आवळायचं, सैल करायचं नाही. घरच्या टीव्हीला जोडायच्या मॅटेलच्या इंटेलिव्हिजनवर १९८१ साली ‘अ‍ॅस्ट्रोस्मॅश’ आला. त्यात खेळाडूचे जीव संपत आले की खेळ थोडा नरमाईने वागे.

गेम सेंटरचं गणित वेगळं. तिथे मालकाला खेळाडू लवकर उठलेला हवा, पण कायमचा उठून गेलेला नको. नामकोचा ‘झेव्हियस’ १९८२ च्या अखेरीस आला, त्यात मासानोबु एंदो यांनी यावर तोड काढली. खेळाडू सफाईने खेळू लागला की कठीण जातीची विमानं पाठवायची, तो मेला की जरा नमतं घ्यायचं. पुढे १९८६ मध्ये कंपाइल कंपनीच्या ‘झानाक’ने तर खेळाडू हल्ला कोणत्या पद्धतीने करतो, हेही हिशेबात धरलं.

आपल्याकडे अंगणातल्या खेळात धाकट्या भावंडाला ‘लिंबूटिंबू’ म्हणून घेतात. ते बाद झालं तरी त्याच्यावर राज्य येत नाही. मात्र एकदा का त्याला हा शब्द कळला, की ते पाय आपटत घरी जातं.

ही पंचाईत ‘क्रॅश बँडिकूट’च्या कर्त्यांनी ओळखली होती. नॉटी डॉग कंपनीचा हा खेळही १९९६ चाच. एकाच ठिकाणी वारंवार मरणाऱ्या खेळाडूला तो गुपचूप एक रक्षक मुखवटा देई, किंवा मागे लागलेला प्रचंड धोंडा जरा हळू गडगडे. सरावलेल्या खेळाडूला यातलं काहीच मिळत नसे आणि दोघांनाही वाटे की आपण तोच खेळ खेळतोय.

कॅपकॉमच्या ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ने २००५ मध्ये ही लपवाछपवी आणखी बारकाईने केली. खेळाडूची कामगिरी १ ते १० अशा पायऱ्यांवर तोलली जाई. तो मार खात राहिला तर शत्रू मवाळ होत, काही ठिकाणी तर संख्येनेही घटत. ‘प्रोफेशनल’ पातळी निवडणाऱ्याला मात्र दयामाया नाही. तिथे काटा १० वर खिळवून ठेवलेला.

व्हॉल्व्हने २००८ मध्ये ‘लेफ्ट ४ डेड’ आणताना उलट चाल केली आणि पडद्यामागच्या या सूत्रधाराला ‘एआय डायरेक्टर’ असं नाव देऊन त्याचा गाजावाजा केला. चौघा खेळाडूंवर किती ताण आलाय याचा तो अंदाज घेई, आणि ताण शिगेला पोचला की झोंबींच्या झुंडी काही काळ थोपवून धरी. त्यामुळे तोच रस्ता दुसऱ्यांदा तसाच भेटत नसे.

त्याच्या दोन वर्षं आधी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात जेनोवा चेन यांनी प्रबंधाचा भाग म्हणून ‘फ्लो’ हा लहानसा खेळ केला होता. त्यात सूत्रधारालाच रजा दिलेली. पाण्यात पोहणारा एक चिमुकला जीव खेळाडूच्या हाती असतो. लाल जीव खाल्ला की तो एक थर खोल जातो, निळा खाल्ला की वर येतो. खाली मोठे भक्षक असतात, आणि तिथे कधी उतरायचं ते खेळाडूने ठरवायचं.