फळीवरचं मुठेल

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटाने टाचांच्या भेगांसाठी मलम करायला घेतलं. जवसाचं तेल हाताशी होतं, तेच घातलं. दीड-दोन महिन्यांत डब्यांना खवट वास सुटला. शेजारपाजारी दिलेले डबे परत आले, सामानाचे पैसे बुडाले. तेव्हा गटातल्या काकी म्हणाल्या, "मुठेल इसारलात काय गो?"

मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. गोव्यात त्याला भिरंडेल म्हणतात. उन्हाळ्यात रतांबे फोडायचे, सालींची सोलं करायची आणि उरलेल्या बिया वाळवून ठेवायच्या, ही कोकणातली जुनी रीत. बियांचं कवच काढून गर कुटायचा, पाण्यात उकळायचा, वर तरंगलेलं तेल पळीने काढायचं. थंड झालं की ते घट्ट होतं. त्याचे गोळे वळून फळीवर ठेवायचे. लावणीत चिखल्या झाल्या, थंडीत टाचा फुटल्या, की गोळा जरा शेकून लावायचा.

हे नुसतं आजीबाईंचं बोलणं नाही. मुंबईत सरकारी औषधकोठार सांभाळणारे विल्यम डायमॉक यांनी सहकाऱ्यांसोबत लिहिलेला 'फार्माकोग्राफिया इंडिका' हा ग्रंथ १८९० पासून छापला गेला. त्यातही कोकमतेलाची नोंद आहे. तिकडे अमेरिकेत १८७२ मध्ये खनिज तेलापासून केलेल्या व्हॅसलिनचं पेटंट निघालं होतं. पुढे अशा बाटल्या-डब्या आपल्या बाजारात आल्या आणि फळीवरचे गोळे मागे पडले.

आता आम्हाला आमची चूक कळते. जवसाचं तेल हवा लागली की लवकर बिघडतं, सुकून चिकट होतं. म्हणून तर ते रंगात वापरतात. कोकमतेल साधारण ४० अंशांपर्यंत घट्ट राहतं आणि बरंच टिकतं. तेल निवडताना स्वस्त कोणतं, एवढंच पाहून चालत नाही. ते किती टिकतं आणि आपल्या हवेत कसं वागतं, हेही पाहावं लागतं. आपल्या आयांनी ते वापरून वापरून पारखलं होतं.

यंदा आम्ही बिया टाकल्या नाहीत. सध्या मलम घरापुरतंच करतो, कारण विकायचं तर १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना लागतो. नवं तेल आधी कोपराच्या आत लावून एक दिवस बघतो. खोल भेगेतून रक्त आलं तर मात्र दवाखाना गाठतो.

तुमच्याकडे कोकम नसेल, तर मोह असेल, तीळ असेल. घरच्या म्हातारीला एकदा विचारून बघा.