मिश्र शिक्षणपद्धती

दूरस्थ आणि प्रत्यक्ष अध्यापन यांची सांगड घालणारी शिक्षणपद्धती. तीत विद्यार्थी अभ्यासक्रमाचा काही भाग मुद्रित पाठ, नभोवाणी, दूरचित्रवाणी किंवा आंतरजाल यांच्या साहाय्याने आपल्या सोयीने शिकतो व उरलेला भाग शिक्षक आणि सहाध्यायी यांच्या सान्निध्यात पूर्ण करतो. सांप्रत ही संज्ञा मुख्यतः ऑनलाइन शिक्षण व वर्गशिक्षण यांच्या संयोगास उद्देशून वापरतात. तथापि या पद्धतीचे मूळ संगणकाहून बरेच जुने आहे. माध्यमे बदलत गेली, तरी प्रत्यक्ष भेटीची गरज संपली नाही, असे तिच्या इतिहासावरून दिसून येते.

पूर्वपीठिका : ब्रिटनमध्ये १८४० साली एक पेनीची टपालसेवा सुरू झाली. तिचा लाभ घेऊन आयझॅक पिटमन (१८१३–९७) यांनी लघुलेखनाचे पाठ टपालाने देण्यास प्रारंभ केला. विद्यार्थ्यांनी पाठविलेले उतारे ते दुरुस्त करून परत करीत. १८५८ मध्ये लंडन विद्यापीठाने वर्गात उपस्थित न राहणाऱ्यांनाही आपल्या परीक्षा खुल्या केल्या. परंतु त्यांना शिकविण्याची जबाबदारी स्वीकारली नाही. नोकरदार व दूरस्थ विद्यार्थ्यांची त्यामुळे सोय झाली. मात्र अडलेल्या ठिकाणी विचारावे कोणाला, हा प्रश्न उरलाच. भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली आणि मुंबई विद्यापीठाने १९७१ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. अशा अभ्यासक्रमांना पुढे संपर्कवर्गांची जोड देण्यात आली, ती याच उणिवेमुळे.

मुक्त विद्यापीठे : ब्रिटनमध्ये हॅरल्ड विल्सन (१९१६–९५) यांनी १९६३ साली ‘नभोविद्यापीठा’ची कल्पना मांडली आणि जेनी ली (१९०४–८८) यांनी मंत्री या नात्याने ती तडीस नेली. १९६९ मध्ये सनद मिळालेल्या मुक्त विद्यापीठाचे अध्यापन १९७१ साली सुमारे २४,००० विद्यार्थ्यांनिशी सुरू झाले. प्रवेशासाठी पूर्वपरीक्षेची अट नव्हती. मूळ कल्पनेत दूरचित्रवाणी व नभोवाणी यांना अग्रस्थान होते. प्रत्यक्षात मात्र मुद्रित पाठ व मार्गदर्शक शिक्षक हेच अध्यापनाचे मुख्य आधार ठरले. विद्यार्थ्यांचे स्वाध्याय शिक्षक टिपणांसह तपासून देत, अभ्यासकेंद्रांत भेटीगाठी होत आणि पायाभूत अभ्यासक्रमांसाठी आठवडाभराचे निवासी उन्हाळी वर्ग भरत. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना प्रयोगसाहित्याची पेटी घरपोच मिळे.

भारतात हैदराबाद येथे १९८२ साली पहिले मुक्त विद्यापीठ निघाले. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नासिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. राम ताकवले हे नासिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होत. स्वयं-अध्ययनासाठी लिहिलेली पुस्तके आणि ठिकठिकाणच्या महाविद्यालयांतून चालणारी अभ्यासकेंद्रे ही या विद्यापीठांच्या कार्यपद्धतीची दोन प्रमुख अंगे होत.

आंतरजालाचा काळ : २०१२ नंतर आंतरजालावरील विनामूल्य अभ्यासक्रमांचा मोठा गाजावाजा झाला. त्यांची शक्ती व मर्यादा अमेरिकेतील सॅन होझे स्टेट विद्यापीठाच्या दोन प्रयोगांतून स्पष्ट होतात. २०१२ च्या उत्तरार्धात या विद्यापीठाने मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेचा विद्युत्‌मंडलांवरील अभ्यासक्रम वापरला. विद्यार्थी चित्रित व्याख्याने घरी पाहत आणि वर्गात गटागटाने उदाहरणे सोडवीत. उत्तीर्णांचे प्रमाण पूर्वी ६० टक्क्यांहून कमी असे, ते ९१ टक्क्यांवर गेले. १९१३ नव्हे, तर लगेच पुढच्या, म्हणजे २०१३ च्या आरंभी, तेथेच गणित व संख्याशास्त्र यांचे अभ्यासक्रम संपूर्णतया ऑनलाइन चालविण्यात आले. तेव्हा हे प्रमाण विषयपरत्वे सुमारे २४ ते ५१ टक्केच राहिले आणि जुलैमध्ये प्रयोग स्थगित झाला. या दुसऱ्या प्रयोगातील अनेक विद्यार्थी पूर्वी अनुत्तीर्ण झालेले वा शालेय वयाचे होते. त्याच वर्षीच्या उन्हाळी सत्रात निम्म्याहून अधिक विद्यार्थी पदवीधर होते व निकालही सुधारला. दोन्ही प्रयोगांचे विषय आणि विद्यार्थी भिन्न असल्याने त्यांची काटेकोर तुलना करता येत नाही. तथापि अभ्यासाची सवय जडलेला विद्यार्थी एकट्याने जे साधतो, ते मागे पडलेल्या विद्यार्थ्यास आधाराविना साधत नाही, हे त्यांवरून सूचित होते. अमेरिकेच्या शिक्षण विभागाने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधन-समीक्षेत मिश्र पद्धतीचे फलित केवळ वर्गशिक्षणापेक्षा सरस आढळले होते. परंतु अशा विद्यार्थ्यांना बहुधा अधिक वेळ व अधिक साहित्य मिळालेले असते, असा इशाराही तीत दिलेला आहे.

भारतातील धोरण : २०१७ साली सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या शासकीय मंचावर व्याख्याने, वाचनसाहित्य, स्वयंचाचण्या व चर्चा यांची सोय आहे. विद्यापीठीय अभ्यासक्रमात अशा ऑनलाइन शिक्षणाचा वाटा २०१६ च्या नियमांनुसार २० टक्क्यांपर्यंत होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली तो ४० टक्क्यांपर्यंत वाढविला. मार्च २०२० मध्ये करोना साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि ऑनलाइन शिक्षण सक्तीचे झाले. ज्या घरी भ्रमणध्वनी नव्हता किंवा एकच असून तो कामावर जाणाऱ्या पालकाकडे असे, तेथील मुले शिक्षणापासून तुटली. महाराष्ट्रात दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवरील ‘टिलीमिली’ या मालिकेने ही उणीव काही अंशी भरून काढली. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मिश्र पद्धतीचा पुरस्कार करतानाच प्रत्यक्ष शिक्षणाचे महत्त्व मान्य केले.

मूल्यमापन : दूरस्थ व प्रत्यक्ष शिक्षणाचे एकच प्रमाण सर्वांस लागू पडत नाही. नोकरी करणाऱ्या प्रौढास वेळेची मुभा महत्त्वाची असते, तर लहान मुलास शिक्षकाची नजर व सोबत्यांचा सहवास लागतो. मंदगती विद्यार्थ्यास चित्रित पाठ पुनःपुन्हा पाहता येतो. परंतु आपले नेमके कोठे चुकते, हे समजण्यासाठी त्यास शिक्षकाची गरज भासते. प्रयोगशाळा, परिचर्या, कारागिरी इ. विषयांत हाताखाली काम करण्यास पर्याय नाही. म्हणून केवळ शिक्षकांची संख्या वा इमारतींचा खर्च कमी करण्यासाठी ही पद्धती योजिल्यास तिचा भार दुर्बल विद्यार्थ्यांवरच पडतो. व्याख्यानातून वाचलेला शिक्षकाचा वेळ जेथे अशा विद्यार्थ्यांकडे वळविला जातो, तेथे मात्र ती उपकारक ठरते.