स्क्रीन न बघता मोबाईल कसा वापरतात? आणि अडतं कुठे?

पूर्णपणे दृष्टिहीन असलेली व्यक्तीही मोबाईलवरून पैसे पाठवू शकते, तिकीट काढू शकते, बातम्या वाचू शकते. त्यासाठी लागतो स्क्रीन रीडर, म्हणजेच स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. आयफोनमध्ये 'व्हॉइसओव्हर' आधीपासूनच असतं, बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक'. विंडोज कॉम्प्युटरसाठी 'एनव्हीडीए' मोफत मिळतं.

मग अडचण काय?

स्क्रीन रीडर मुख्यतः वेबसाईटच्या कोडमध्ये लिहिलेलं वाचतो. बटणावर नुसतं भिंगाचं चित्र असेल आणि कोडमध्ये त्याला 'शोधा' असं नाव दिलेलं नसेल, तर अनेकदा फक्त 'बटण' एवढंच ऐकू येतं. कशाचं, ते कळत नाही.

मराठीत आणखी एक अडचण आहे. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती भलतीच अक्षरं आणि चिन्हं असतात. स्क्रीन रीडर तीच वाचतो.

ज्यांना कमी दिसतं, त्यांच्यासाठी रंग महत्त्वाचे. वेबसाईटसाठीच्या 'डब्ल्यूसीएजी' या आंतरराष्ट्रीय निकषांच्या 'एए' पातळीनुसार साध्या मजकुरात अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५:१ हवं. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं इथेच नापास होतात.

कोर्ट काय म्हणालं?

ऑनलाइन केवायसी करताना 'डोळ्यांची उघडझाप करा' अशी सूचना येते. ज्यांना ते शक्य नाही, त्यांनी काय करायचं? अ‍ॅसिड हल्ल्यातून बचावलेल्या प्रज्ञा प्रसून आणि दृष्टिहीन वकील अमर जैन यांच्या याचिकांवर ३० एप्रिल २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं कोर्टाने म्हटलं. केवायसी सर्वांना करता यावं यासाठी २० निर्देशही दिले. म्हणजे ही सोय उपकार नाही, हक्क आहे.

आपण काय करू शकतो?

फोटो पोस्ट करताना 'ऑल्ट टेक्स्ट'मध्ये त्यात काय आहे ते एका वाक्यात लिहा. कार्यक्रमाचं पोस्टर टाकताना तारीख, वेळ आणि ठिकाण कॅप्शनमध्येही टाइप करा.

तुम्ही वेबसाईट किंवा अ‍ॅप बनवत असाल, तर टॉकबॅक सुरू करा, डोळे मिटा आणि आपलाच फॉर्म भरून बघा. टॉकबॅकमध्ये एकदा टॅप केलं की नाव ऐकू येतं, दोनदा केलं की बटण दाबलं जातं. जिथे तुम्ही अडाल, तिथेच दुरुस्तीची गरज आहे.