आठ आणे आणि पांजरपोळ

६ जून १८३२ रोजी मुंबईच्या कोटात दंगल झाली, ती रस्त्यावरच्या कुत्र्यांपायी. उन्हाळ्यात बेवारशी कुत्री मारण्याचा कंपनी सरकारचा नियम १८१३ पासून चालत आला होता. त्या वर्षी मारण्याची मुदत १५ जूनपर्यंत वाढवली गेली. एका कुत्र्यामागे आठ आणे इनाम होते. नगावर इनाम मिळू लागले की मारेकरी उंबरठ्याच्या आतले कुत्रे आणि बाहेरचे कुत्रे असा भेद करत बसत नाही. घराच्या आवारातूनही कुत्री ओढून नेतात, अशा तक्रारी होऊ लागल्या.

पारशी समाजाला हे सोसणे शक्य नव्हते. वेन्दिदादचा तेरावा अध्याय जवळजवळ सगळा कुत्र्याविषयी आहे. त्याला इजा करणाऱ्याला काय शिक्षा, त्याला वाईट अन्न घालणाऱ्याला काय, हे तिथे तपशिलाने सांगितले आहे. मृतदेहावर कुत्र्याची नजर पाडण्याचा ‘सगदीद’ हा विधी त्यांच्या अंत्यसंस्काराचा भाग होता. त्यातून ६ जून हा त्यांचा सणाचा दिवस. जमावाने कुत्री मारणाऱ्या शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी कोटातली दुकाने बंद राहिली, हरताळात जैन आणि हिंदू व्यापारीही उतरले, आणि कुलाब्याच्या छावणीचा रसदपुरवठा अडला. शेवटी लष्कर बोलावून धरपकड करावी लागली.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नव्हती. पाश्चरची लस यायला अजून त्रेपन्न वर्षे होती. पिसाळलेले कुत्रे चावून रोग एकदा उमटला की मरण ठरलेले, हे सर्वांना ठाऊक होते. जीवदयेचा इतिहास लिहिताना ही भीती वगळली, तर तो इतिहास निम्माच राहतो.

तडजोड निघाली ती अशी, की कुत्री मारू नयेत, शहराबाहेर न्यावीत. १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. एक पारशी, दुसरे जैन. दोघेही चीनच्या व्यापारात मुरलेले. कल्पना मात्र नवी नव्हती. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानात आलेल्या राल्फ फिच या इंग्रज प्रवाशाने खंबायतच्या मुक्या जनावरांच्या दवाखान्यांची नोंद केली आहे, आणि त्यात कुत्री-मांजरीही आहेत. मुंबईत व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या उलाढालीवर स्वखुशीने लागा बसवला आणि त्यावर संस्था चालवली. अफूच्या पैशावर कुत्री जगली, असे कोणी म्हणाले तर मी वाद घालणार नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. देणगीदारांची नावे मिळतात, मारेकऱ्याचा दर मिळतो. पण पांजरपोळात सकाळी भाकरी कोण टाकत होते? जखमेतले किडे कोण काढत होते? जे वृत्तान्त मी वाचले, त्यांत हा माणूस नाही. हा प्रश्न सुचला तो गेली तीन वर्षे दर रविवारी शहराबाहेरच्या एका निवाऱ्यात कामाला जातो म्हणून. तिथे कुत्री दीडशेच्या आसपास आणि पगारी माणसे चार. हळद घातलेला भात आणि कोंबडीचे तुकडे यांचे मोठे टोप उतरवायचे, लादी धुवायची, कानामागचे गोचीड काढायचे, खरजेने सोललेल्या अंगाला औषध लावायचे. पिल्लांच्या खोलीत शिरण्याआधी चपला बदलायच्या, कारण पार्व्हो एकदा आत आला की आठवड्यात खोली रिकामी होते. धडधाकट कुत्रे पिंजऱ्यात महिनाभर राहिले की जागच्या जागी गोल फिरू लागते. त्याला दोरी बांधून अर्धा तास फिरवणे हेही औषधच आहे. त्याला पैसा लागत नाही, माणूस लागतो.

भुलेश्वरच्या पांजरपोळात आज जाणाऱ्याला दिसतात त्या मुख्यतः गाई. ज्यांच्यासाठी दंगल झाली, ती कुत्री तिथून जवळजवळ नाहीशी झाली आहेत. गाईला घास भरवायला रोज माणसे येतात. खरजुल्या कुत्र्याला तसे भाविक मिळत नाहीत. खंडोबाचे आणि दत्ताचे कुत्रे ज्या समाजाच्या देव्हाऱ्यात आहे, त्यातही नाहीत. कुत्र्यांचा खरा आधार पुढे परळला झाला. १८७४ मध्ये प्राणिक्रूरता प्रतिबंधक संस्था स्थापन झाली आणि १८८३ मध्ये पेटिट घराण्याच्या देणगीतून बाई साकराबाई पशुचिकित्सालय उभे राहिले. बरे करून परत पाठवायचे, हा दवाखान्याचा विचार. आत घेऊन आयुष्यभर पोसायचे, हा पांजरपोळाचा.

११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला, तेव्हा मला १८३२ ची तडजोडच पुन्हा वाचल्यासारखे वाटले. ‘शहराबाहेर न्या’ म्हणणाऱ्याला तिथली लादी दिसत नाही. २२ ऑगस्टला न्यायालयाने आदेश बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रे जिथून उचलले तिथेच सोडावे; पिसाळलेली, रेबीजचा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री वगळून. परळचा विचार भुलेश्वरच्या विचारावर मात करून गेला, एवढेच. मधल्या अकरा दिवसांत दोन्ही बाजूंनी बरेच बोलले गेले. हजारो कुत्र्यांना आत घातल्यावर टोप उतरवायला किती हात लागतील, याचा हिशेब त्यात मला फारसा ऐकू आला नाही. आमच्याकडे दीडशेला रविवारी अकरा लागतात. पावसाळ्यात पाचच येतात.