निष्ठा एकट्या गड्याकडूनच का?

भातकापणी आटोपली, की पेण-रोह्याकडच्या गावांत प्रकाशझोतातल्या कबड्डीला रंग चढतो. संघांची नावं बहुधा ग्रामदैवतांची, आणि दोरीबाहेर बसलेली जाणती मंडळी बहुधा एकाच मताची. आताचा खेळाडू विकाऊ झाला, चार पैसे जास्त दिसले की संघ सोडतो, प्रशिक्षकालाही उलट बोलतो. पूर्वीचे गडी मंडळासाठी जीव टाकायचे. 2014 साली प्रो कबड्डी लीग आली, लिलावाचे आकडे घराघरांत पोचले आणि हे मत आणखी घट्ट झालं.

खंडनाआधी या मताची बाजू नीट मांडायला हवी. कबड्डी हा साखळीचा खेळ. कोपऱ्यातल्या गड्यानं घोटा धरला की शेजारच्यानं नेमकी कधी झडप घालायची, हे एकत्र सरावातूनच अंगात मुरतं. दरवर्षी गडी बदलले तर ही समज विस्कटते. शिवाय ज्या मंडळानं पोराला पहिलं मैदान दिलं, त्याचं ऋण असतंच. हे दोन्ही मुद्दे मला मान्य आहेत. पण त्यांतून ‘संघ सोडणारा तो कृतघ्न’ हा निष्कर्ष निघत नाही.

आधी ‘पूर्वी’चं पाहू. महिंद्र, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, देना बँक अशा संघांनी आपल्याकडची व्यावसायिक कबड्डी गाजवली. त्यांचे खेळाडू घडले ते गल्लीतल्या आणि गावातल्या मंडळांत. एखादा गडी ‘कंपनीत लागला’ की त्याला हार पडायचा. व्यावसायिक गटात तो कंपनीच्या बाजूनं उतरायचा. त्याला कोणी गद्दार म्हणत नसे, कारण त्याच्या घरची चूल आता नीट पेटणार हे सगळ्यांना कळत होतं. पुढे तो निवृत्तीपर्यंत त्याच संघात राहिला, यात निष्ठा होती तशी पगाराची आणि फंडाची शाश्वतीही होती. लीगमधल्या खेळाडूचा करार हंगामांच्या हिशेबात असतो. गुडघा एकदा निखळला की पुढच्या लिलावात बोली लागेल की नाही, सांगता येत नाही. जुनी निष्ठा मागायची असेल तर जुनी शाश्वती कोण देणार, तेही सांगावं.

आता कोण कोणाला सोडतो ते पाहू. कोल्हापूरकडचा सिद्धार्थ देसाई 2018 मध्ये यू मुंबाकडून खेळला आणि पहिल्याच हंगामात त्यानं दोनशेहून अधिक गुण मिळवले. मुंबईनं त्याला पुढच्या हंगामासाठी राखून ठेवलं नाही. 2019 च्या लिलावात तेलुगू टायटन्सनं त्याला 1 कोटी 45 लाखांना घेतलं. इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईची गोष्ट याहून बोलकी. 2024 च्या मार्चमध्ये पुणेरी पलटण विजेती झाली, त्या संघाचा तो आधारस्तंभ. काही महिन्यांत पुण्यानं त्याला मोकळं केलं. हरियाणा स्टीलर्सनं 2 कोटी 7 लाख मोजले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात बालेवाडीला चषक उचलला. मग हरियाणानंही त्याला सोडलं. 2025 मध्ये तो 2 कोटी 23 लाखांना गुजरातकडे गेला. दोन विजेतेपदं आणि दोनदा मोकळा. या हिशेबात बेइमान कोण? मी म्हणेन, कोणीच नाही. संघ आपला पैसा पाहतो, तो त्याचा हक्क. मग खेळाडूनं आपलं हित पाहिलं तर तेवढंच पाप कसं?

निवडीची मुभा दिली तर कोणी एका जागी टिकणार नाही, ही भीती राहते. तिला उत्तर म्हणून परक्या खेळातलं एक उदाहरण घेऊ. अमेरिकी फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणजे आक्रमणाची सूत्रं हलवणारा गडी. 2004 साली इलाय मॅनिंग या क्वार्टरबॅकनं सॅन डिएगोकडून खेळायचं नाही असं आधीच कळवलं. त्या संघानं तरीही त्याला निवडलं आणि त्याच दिवशी न्यूयॉर्क जायंट्सला दिलं. ‘स्वार्थी’ हा शिक्का पडायला वेळ लागला नाही. हा स्वार्थी माणूस पुढे सोळा हंगाम न्यूयॉर्ककडूनच खेळला, संघाला दोन सुपर बोल जिंकून दिले आणि तिथूनच निवृत्त झाला. आपल्याकडे 2025 च्या एप्रिलमध्ये क्रिकेटपटू यशस्वी जयस्वालनं मुंबई सोडून गोव्याकडे जाण्यासाठी ना हरकत मागितली, तेव्हाही गहजब झाला. महिन्याभरात त्यानं स्वतःच अर्ज मागे घेतला आणि मुंबईतच राहिला. दार उघडं असलं की सगळेच बाहेर पळतात, असं नाही.

कायद्याचा कलही याच बाजूला आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 27 म्हणतं, की कोणाला कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. श्रीरामपूरचा क्रिकेटपटू झहीर खान याला त्याची जाहिरातकामं पाहणाऱ्या कंपनीनं अशाच एका अटीनं धरून ठेवलं होतं: मुदत संपल्यावर दुसऱ्यानं देऊ केलेली रक्कम आधी आम्हाला दाखव, आम्ही तेवढीच दिली तर आमच्याकडेच राहा. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही अट लागू करायला नकार दिला. आता प्रो कबड्डीचं एफबीएम कार्ड आठवा. लिलावातल्या शेवटच्या बोलीइतकी रक्कम मोजून जुना संघ खेळाडू परत घेऊ शकतो. जाहिरातीचा करार आणि लीगचा नियम एकच नव्हेत; तो निकाल इथे जसाच्या तसा लागू होतो, असं मी म्हणत नाही. पण माणसाची इच्छा न विचारता त्याला धरून ठेवण्याची मनोवृत्ती तीच. आयपीएलमध्ये निदान अदलाबदलीसाठी खेळाडूची संमती लागते.

उरला बेशिस्तीचा मुद्दा. 2025 च्या हंगामात तमिळ थलायवाजनं आपला कर्णधार पवन सेहरावत याला शिस्तीचं कारण देऊन घरी पाठवलं. त्यानं आरोप जाहीरपणे नाकारला. खरं कोणाचं, हे दोरीबाहेर बसून ठरवता येणार नाही. मात्र संघ बोलला म्हणजे खेळाडू दोषी, ही आपली सवय तपासायला हवी.

पेणच्या गणपती कारखान्यांत डोळ्यांची आखणी करणारा हात फार मोलाचा. हंगाम आटोपल्यावर तो दुसऱ्या कारखान्यात गेला, तर जुना मालक हळहळतो. त्याला विकाऊ म्हणत नाही. चतुर्थी आठ दिवसांवर आली असताना मूर्ती अर्ध्या टाकून तो निघून गेला, तर मात्र त्याला बोल लागतो आणि तो लागायलाच हवा. चढाई करणाऱ्या गड्यालाही हाच न्याय लावावा. हंगाम चालू असेतो करार अक्षरशः पाळावा, प्रशिक्षकाचं ऐकावं. हंगाम संपला की कुठे खेळायचं, यात त्याचा शब्द असावा. गावच्या मंडळाची गोष्ट वेगळी: तिथे कोणी त्याला विकत घेतलेलं नसतं, म्हणूनच तिथल्या निष्ठेला किंमत आहे. बोली लावून घेतलेल्या गड्याकडून ती फुकट मागू नये.